भूकंपाला कर्ता नसतो

भाईंदरला केबिन रोडवरच्या स्टॉलवरून मी रोज तीन मराठी वर्तमानपत्रे घेतो. राजकीय मथळ्यांची कात्रणे ठेवण्याची सवय जुनी. यंदा जून २०२२ चा गठ्ठा पुन्हा सोडला आणि चार शब्द बाजूला काढले : 'नाराज', 'नॉट रिचेबल', 'बंड' आणि 'राजकीय भूकंप'.

२० जूनला विधान परिषदेचे मतदान झाले. त्या रात्री एकनाथ शिंदे काही आमदारांसह सुरतेला, पुढे गुवाहाटीला गेले आणि ३० जूनला मुख्यमंत्री झाले. घटना एवढी सरळ. पण 'नाराज' हा लग्नघरातला शब्द. तो वापरला की पक्षनिष्ठेचा प्रश्न मानपानाचा होतो. 'नॉट रिचेबल'मध्ये दोष जणू मोबाइलचा. 'बंड'ला शौर्याचा वास आहे. तरी शिंदे गटातील नेत्यांना तो बोचला आणि ते 'उठाव' म्हणू लागले. भूकंपाला तर कर्ताच नसतो. तो नुसता होतो.

कायद्याची भाषा वेगळी आहे. १९८५ च्या दहाव्या अनुसूचीत 'स्वेच्छेने पक्षसदस्यत्व सोडणे' आणि 'अपात्रता' असे शब्द आहेत. एक तृतीयांश आमदारांच्या 'फुटी'ला तेव्हा संरक्षण होते. २००३ च्या ९१व्या घटनादुरुस्तीने ते काढले. ११ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही हा बचाव आता उरलेला नाही, असे स्पष्ट केले. बातम्यांत मात्र 'फूट' अजून सुखाने नांदते आहे.

मग शब्द जहाल हवेत का? १९७८ मध्ये शरद पवारांनी वसंतदादांचे सरकार पाडले, त्याला आजही 'पाठीत खंजीर' म्हणतात. त्यात कर्ता आहे, पण जखमी फक्त नेता. मतदार तिथेही गैरहजर.

वार्ताहराची अडचण खरी आहे. निकालाआधी 'पक्षांतर' लिहिणे म्हणजे निवाडा देणे. १० जानेवारी २०२४ ला विधानसभा अध्यक्षांनी कोणत्याच गटाच्या आमदाराला अपात्र ठरवले नाही. पण साधे वाक्य लिहायला निवाडा लागत नाही : अमुक चिन्हावर निवडून आलेले अमुक आमदार पक्षाच्या बैठकीला आले नाहीत, सुरतेला गेले.

या वाक्यात कर्ता आहे, क्रिया आहे. चिन्हही आहे, म्हणजे ते पाहून बटण दाबणारा मतदारही आला. माझ्या गठ्ठ्यातल्या मथळ्यांत मी त्यालाच शोधत होतो.