लपवलेल्या वह्या आणि न लिहिलेले पान

दलित स्त्रीच्या आत्मकथनाविषयी लिहिताना आपले समीक्षक एक वाक्य फार सहजपणे लिहून जातात. ही स्त्री 'मी'विषयी बोलत नाही, 'आम्ही'विषयी बोलते, असे ते वाक्य. बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'ची चर्चा निघाली की ते ठरल्यासारखे येते. वाक्य खोटे नाही. परंतु ते तेथेच थांबते, ही माझी तक्रार आहे. हा 'आम्ही' कोठून आला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे विचारल्याखेरीज त्या शब्दाचे मोल कळणार नाही.

बेबीताईंचा जन्म १९२९ सालचा, पुरंदर तालुक्यातील वीरगावचा. पुढचे सारे आयुष्य गेले फलटणात. शिक्षण चौथीपर्यंत. तेराव्या वर्षी लग्न. संसारासाठी त्यांनी छोटे दुकान थाटले. त्या गल्ल्यावर बसूनच त्या रद्दीच्या कागदांवरचा मजकूर वाचू लागल्या आणि तेथेच लिहूही लागल्या. नवरा माल आणायला बाहेर पडला की वही निघे, तो येण्याच्या आत ती घराच्या अडगळीत जाई. हे एकदोन महिने नव्हे, सुमारे वीस वर्षे चालले. घरच्यांना पत्ता नव्हता. अमेरिकेतून येऊन फलटणात स्थायिक झालेल्या भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांच्यामुळे त्या वह्या उजेडात आल्या. 'स्त्री' मासिकातून हे लेखन क्रमशः छापले गेले आणि १९८६ साली पुस्तक झाले.

हा तपशील आपण प्रस्तावनेत कौतुकाने सांगतो व पुढे जातो. माझे म्हणणे असे की तो प्रस्तावनेतला नाही, पुस्तकाच्या गाभ्यातला आहे. लपवून लिहिणे ही केवळ अडचण नसते, ती लेखनाची अट होते. कोणत्याही क्षणी वही दुसऱ्याच्या हाती पडेल हे ज्या बाईला ठाऊक आहे, ती काय लिहील आणि काय लिहिणार नाही, याचा निर्णय तिच्या आधी ती भीतीच घेत असते.

आता पुस्तकाकडे पाहा. बेबीताई भित्र्या लेखिका नाहीत. वीरगावच्या महारवाड्यातील उपासमार, मेलेल्या जनावरांवर जगणे, आषाढातले देव, अंगात येणे, पोतराज हे सारे त्या काहीही झाकून न ठेवता सांगतात. आपल्याच घरांतील सासुरवासाविषयी त्या जे लिहितात, ते वाचताना आजही अंगावर काटा येतो. पळून गेलेल्या सुनेच्या पायात घातलेला लाकडी खोडा आणि संशयावरून कापलेली नाके त्यांनी नोंदवून ठेवली. गावाने आम्हाला गुलाम केले आणि आम्ही आमच्या सुनांना गुलाम केले, असा त्यांचा निष्कर्ष आहे. त्या काळच्या आपल्या वाङ्मयात इतक्या परखडपणे आत वळलेली नजर विरळाच. स्वतःच्या वडिलांनाही त्यांनी सोडले नाही. उदार, कर्तबगार असा हा बाप बायकोला मात्र घरात कोंडून ठेवी आणि त्यावरून समाजात त्याचा मान वाढे, हे मुलगी लिहिते. त्या कोंडवाड्याने आई कशी कडवट झाली, हेही लिहिते.

म्हणजे बाप आला, आई आली, सासू आली. नवरा मात्र आला नाही. पुस्तकात एक पान कोरे आहे आणि ते नेमके येथे आहे.

त्या पानावर काय होते, हे वाचकांना पुष्कळ उशिरा कळले. माया पंडित यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २००८ साली निघाला. त्याला जोडलेल्या मुलाखतीत बेबीताईंनी नवऱ्याचा संशयी स्वभाव आणि मारहाण यांविषयी सांगितले. सभेसाठी मुंबईला जाताना गाडीच्या गर्दीत काही तरुणांनी पाहिले, एवढ्यावरून त्यांचे नाक फुटेपर्यंत मार बसला होता. प्रवास कशाचा होता हे लक्षात घ्या. तो चळवळीच्या कामाचा होता. हे पुस्तकात का नाही, याचे त्यांचे उत्तर साधे होते. जे सगळ्याच बायका भोगत होत्या, ते आपल्या एकटीचे म्हणून कसे सांगायचे?

या उत्तराचे दोन अर्थ निघतात आणि दोन्ही जवळ ठेवावे लागतात. पहिला अर्थ आंबेडकरी जाणिवेचा. आपले दुःख हे व्यक्तीचे नशीब नसून समाजरचनेचे फळ आहे, हे ज्याला उमगले तो रडगाणे गात नाही, तो व्यवस्थेची साक्ष देतो. या अर्थाने 'आम्ही' ही निवड आहे, बांधिलकी आहे. शर्मिला रेगे यांनी २००६ साली दलित स्त्रियांची आत्मकथने साक्ष म्हणून वाचावीत असे मांडले, ते याच दिशेचे आहे. दुसरा अर्थ मात्र कोणी मोठ्याने उच्चारत नाही. जेथे 'मी' उच्चारणे धोक्याचे असते, तेथे 'आम्ही' हा आडोसाही असतो. सगळ्या सुनांचे नाक लिहिले की स्वतःच्या नाकाचे रक्त त्यात मिसळून जाते. वही सापडली तरी त्यात कोणा एका पुरुषाचे नाव सापडत नाही.

दुसऱ्या अर्थाने पुस्तक लहान होते, असे मला वाटत नाही. उलट ते अधिक मोठे होते. खोडा घातलेल्या सुनेचे ते पान पुन्हा वाचावे. ते लांबून पाहिलेले वर्णन नाही. स्वतःचे सांगता येत नाही म्हणून ती बाई इतरांचे इतक्या जवळून सांगते.

यावर आपले काही कार्यकर्ते म्हणतील, घरातले वेशीवर टांगून काय साधले? सवर्णांना आयते कोलीत मिळते. हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. 'बलुतं' १९७८ साली आले, तेव्हाही हाच सूर निघाला होता. पण तेव्हा निदान लाज वस्तीची होती. येथे राखली जाते ती घरधन्याची अब्रू, आणि ती राखण्याचे काम मार खाणारीवर सोपवले जाते. गुपित अशा रीतीने घरातल्या सर्वांना घडवते. बाई तोंड मिटून जगायला शिकते. मुले पाहूनही न पाहिल्यासारखी वाढतात. पुरुष बाहेर समतेवर भाषण देतो, घरी आल्यावर त्याला कोणी प्रश्न विचारत नाही. समाजाची प्रगती त्यातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजावी, असे बाबासाहेबांनी १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत सांगितले होते. ते माप आपण सभेत वापरतो, उंबरठ्याच्या आत नेत नाही.

१९८६ सालीच शांताबाई कांबळे यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा' पुस्तकरूपाने आले. पुढे २००३ साली उर्मिला पवार यांचे 'आयदान' आले आणि त्यात दलित घरातला नवरा नाव घेऊन, तपशिलासह कागदावर उतरला. बेबीताईंनी जे पान कोरे ठेवले, ते लिहिण्याची वाट त्यांच्याच पुस्तकाने मोकळी केली, असे मी मानतो. बेबीताई २०१२ साली गेल्या. जाण्याआधी त्यांनी फलटणजवळ वंचित मुलांसाठी आश्रमशाळा काढली होती. ज्या बाईला स्वतःची वही लपवावी लागली, तिने दुसऱ्यांच्या मुलांच्या हाती उघडपणे वही दिली.

शिक्षक मित्रांना माझी एक सूचना आहे. 'जिणं आमुचं' शिकवताना ते कसे लिहिले गेले, हा भाग तळटीप म्हणून उरकू नका. तेथूनच सुरुवात करा. आणि वर्गातील मुलामुलींना घरी जाऊन विचारायला सांगा की आपल्या घरात काही लिहून ठेवलेले आहे काय. बेबीताईंच्या वह्यांना वाचक भेटला. अडगळीत वाळवीच्या तोंडी गेलेल्या वह्या किती, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. ज्या अजून शाबूत असतील त्या शोधणे हेही चळवळीचेच काम आहे.