खंबायतचे एक वाक्य

हिंदुस्थानातील क्रिकेटचा इतिहास लिहिणारे बहुधा एका वाक्यापासून आरंभ करतात. क्लेमंट डाउनिंग या इंग्रज नाविकाने १७३७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात, १७२१ साली खंबायतजवळ आपण व आपले सोबती रोज क्रिकेट आदी खेळांनी मन रमवीत होतो व आसपासचे कोळी ते पाहावयास येत, असे नमूद केले आहे. एवढ्यावरून खंबायत ही भारतीय क्रिकेटची जन्मभूमी ठरविली जाते. हे वाचन आम्हांस उथळ वाटते.

हा ग्रंथ मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांना परका नाही. त्याच्या नावातच आंग्र्यांना चाचा म्हटले आहे. १७२१ च्या अखेरीस कुलाब्यावर इंग्रज व पोर्तुगीज यांनी केलेल्या आणि फसलेल्या मोहिमेची हकीकतही त्यात आहे. कान्होजींविषयी हा साक्षीदार बोलू लागला की आपण त्याचा शब्द न् शब्द पारखून घेतो. खेळाविषयी बोलू लागला की मात्र माना डोलावतो! अर्थात ते वाक्य खोटे, असे आम्ही म्हणत नाही. सांगणाऱ्याचा स्वार्थ नसलेली, ओघात आलेली माहिती सहसा विश्वसनीयच असते. प्रश्न तिच्या अर्थाचा आहे. त्या वाक्यातील कोळी केवळ बघे आहेत, त्यांच्या हाती फळी नाही. नाविक गेले, त्यांच्यासवे खेळही गेला.

परंपरा शोधावयाची तर सुरतेकडे वळले पाहिजे. मराठी वाचकाला सुरत आठवते ती १६६४ व १६७० मधील शिवछत्रपतींच्या स्वाऱ्यांमुळे. परंतु मुंबईच्या घडणीतही त्या शहराचा वाटा मोठा आहे. डाउनिंगचा ग्रंथ निघण्याच्या वर्षभर आधी, १७३६ मध्ये, लवजी नसरवानजी वाडिया हे सुरतेचे जहाजबांधणीतील कारागीर कंपनीच्या कामासाठी मुंबईस आले. सुरत-नवसारीकडून येऊन मुंबईत रुजलेल्या याच पारशी समाजातील तरुणांनी १८४८ साली ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला.

येथे बघे खेळाडू झाले, आणि पुढे इतिहासकारही. माणेकजी कावसजी पटेल (१८९२), शापूरजी सोराबजी (१८९७) आणि १८८८ चा विलायतेचा दौरा गाजविणारे नवसारीचे डॉ. मेहेलाशा पावरी (१९०१) यांनी आपल्या समाजाच्या खेळावर पुस्तके लिहिली. त्यांत शापूरजींचे आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते. युरोपियनांचा पोलो विरुद्ध देशी क्रिकेट हा झगडा त्यांनी ग्रंथाच्या नावातच घातला आहे. मुंबईच्या परेड मैदानावर पोलोच्या घोड्यांच्या टापांनी जमीन उखडे. मग चेंडू कसा उसळेल याचा नेम राहत नसे. १८८१ मध्ये देशी खेळाडूंनी सरकारकडे अर्ज केला. मैदान कोणाचे, हा प्रश्न डाउनिंगला पडण्याचे कारणच नव्हते; शापूरजींच्या लेखनाला धार येते ती त्याच प्रश्नाने. मात्र नावाप्रमाणेच ही बखर पारशांची आहे. १८६६ साली बाँबे युनियन क्लब काढणाऱ्या हिंदूंचा वृत्तान्त केवळ तिच्या आधारे लिहिता येणार नाही.