मुंबई विद्यापीठाचे दोन इतिहास व एक सूची

मुंबई विद्यापीठाचा इतिहास सांगणारे दोन इंग्रजी ग्रंथ संशोधकांच्या परिचयाचे आहेत. पहिला श्री. सुंदरराव डोंगरकेरी यांचा, विद्यापीठाच्या शताब्दीच्या वर्षीं म्हणजे १९५७ सालीं निघालेला. दुसरा डॉ. अरुण टिकेकर यांचा ‘द क्लॉइस्टर्स पेल’. हा प्रथम १९८४ सालीं व पुढें सुधारून २००६ सालीं प्रसिद्ध झाला. या दोहोंचा परामर्श येथें घ्यावयाचा आहे, तो एका विशिष्ट बाजूनें. आम्ही ज्या म्हसा गांवीं बसून हें लिहीत आहों, तें मुरबाड तालुक्यांत आहे. गांवाची प्रसिद्धि पौष पौर्णिमेस भरणाऱ्या म्हसोबाच्या जत्रेमुळें, म्हणजे बैल व घोंगडी यांच्या बाजारामुळें, विद्येमुळें नव्हे. तथापि हा मुलूख स्थापनेपासून आजतागायत याच विद्यापीठाच्या कक्षेंत आहे. तेव्हां विद्यापीठानें आमच्यासारख्या मुलुखास काय दिलें व त्याजकडून काय घेतलें, याचा जमाखर्च त्याच्या इतिहासांत आम्हीं शोधावा, हें कोणास अवास्तव वाटूं नये.

डोंगरकेरी हे विद्यापीठाचे रजिस्ट्रार होते. १९५८ सालीं मराठवाडा विद्यापीठ निघालें तेव्हां त्याचे पहिले कुलगुरुहि तेच झाले. त्यांचा ग्रंथ दफ्तर ज्याच्या हातीं आहे अशा माणसाचा आहे आणि त्याचें बळ व उणेपण दोन्ही त्यांतच आहेत. १८ जुलै १८५७ ची स्थापना, लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर केवळ परीक्षा घेणारी संस्था म्हणून झालेला आरंभ, प्रेमचंद रायचंद यांचीं ग्रंथालय व मनोरा यांकरितां प्रत्येकीं दोन लक्ष रुपयांचीं दानें, त्यांच्या मातोश्रींचें नांव धारण करून १८७८ सालीं पुरा झालेला राजाबाई मनोरा, १९०४ च्या कायद्यानें मिळालेली अध्यापनाची मुभा, १९१९ सालीं पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखालीं सुरू झालेलें समाजशास्त्राचें अध्यापन, हा सर्व सांगाडा आतां सर्वविदित आहे. टिकेकरांनीं आपल्या ग्रंथास विद्यापीठाचें ‘चरित्र’ म्हटलें आहे, आणि चरित्रकारास लागणारी माणसांची आवड त्यांच्यापाशीं होती यांत संशय नाहीं. परंतु ग्रंथाचें नांवच पाहावें. मठाचें कुंपण, असा त्याचा भावार्थ आहे. आमची तक्रार कुंपणाच्या आंत काय झालें तें सांगितल्याबद्दल नाहीं. कुंपणाबाहेरील रान विद्यापीठाच्याच मालकीचें होतें, हें दोन्ही ग्रंथांच्या मांडणींत मागें पडतें, ही आहे.

एक उदाहरण घेऊं. १८६२ सालीं या विद्यापीठाचे पहिले चार पदवीधर बाहेर पडले. त्यांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. पुढें १८९३ ते १८९५ पर्यंत भांडारकर त्याच विद्यापीठाचे कुलगुरु झाले. विद्यापीठाचा इतिहास लिहिणारा साहजिकच या दोन टोकांमध्यें त्यांस बसवितो: आरंभीं पदवी, शेवटीं पद. पण भांडारकरांचें खरें विद्याजीवन या दोहोंच्या मधल्या काळांत आहे. मुंबई सरकारनें १८६८ पासून हस्तलिखितांचा शोध व खरेदी आरंभिली. ब्यूलर, कीलहॉर्न, पीटर्सन आणि भांडारकर या अध्यापकांनीं तें काम वाहिलें, व वर्गांत संस्कृत शिकविणारा मनुष्यच पोथ्यांच्या मागावर हिंडूं लागला. त्या प्रवासांचे वृत्तांत आजहि हाताशीं ठेवण्याजोगे आहेत. तो संग्रह डेक्कन कॉलेजांत राहिला आणि १९१८ सालीं पुण्यास भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराकडे गेला. सरकारी खातें व विद्यापीठ यांचे हिशेब वेगळे, म्हणून हा भाग विद्यापीठाचा नव्हे असें कोणी म्हणेल. आम्हांस तें मान्य नाहीं. अध्यापन आणि शोध हीं एकाच माणसाचीं दोन कामें होतीं, त्या काळास विद्यापीठाच्या इतिहासांत मध्यवर्ती स्थान पाहिजे.

मराठीची गोष्ट याहून कडू आहे. १८६० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांतच देशी भाषा वरच्या परीक्षांतून निघाल्या व त्यांच्या जागीं संस्कृतादि अभिजात भाषा बसल्या. आमच्यासारख्या संस्कृतावर पोट भरलेल्या माणसानें याबद्दल बोलतांना संकोच केला पाहिजे. आमचा लाभ मराठीच्या हानीतून झाला, हें उघड आहे. रानड्यांनीं ती परत आणण्यासाठीं आयुष्याच्या अखेरीपर्यंत खटपट केली व १९०१ सालीं ते गेले त्याच सुमारास एम. ए. च्या परीक्षेंत मराठीस जागा मिळाली. मधल्या काळांत मराठी कागदास विद्यापीठांत मोल नव्हतें. त्याचा परिणाम असा कीं, राजवाडे याच विद्यापीठाचे पदवीधर असतां मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें त्यांस विद्यापीठाबाहेर राहून, गांवोगांव पायपीट करून जमवावीं लागलीं. पहिला खंड १८९८ सालीं निघाला.

तसाच दुसरा दाखला आमच्या तालुक्याच्या शिवेवरचा आहे. वैशाखऱ्याहून नाणेघाट चढून गेलें म्हणजे लेण्याच्या भिंतींवर सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञ, त्यांच्या दक्षिणा व अंक यांनीं तो भरलेला आहे. या मुलुखाचें याहून जुनें दफ्तर कोणतें असणार? तो लेख वाचण्याचे मोठे श्रम ज्यांनीं केले ते भगवानलाल इंद्रजी कोणत्याहि विद्यापीठांत शिकलेले नव्हते. पुढें दूरच्या लायडन विद्यापीठानें त्यांस सन्मानाची पदवी दिली. पायथ्याशीं परीक्षेस बसणाऱ्या मुलांच्या पाठांत मात्र हा घाट फार काळ आला नाहीं. आम्हीं स्वतः तो प्रथम पाहिला तो शिक्षक झाल्यावर, आणि तोहि सहलीच्या निमित्तानें, ही लाज येथें नमूद करतों.

आतां तिसरा ग्रंथ. यास कोणी इतिहास म्हणत नाहीं. प्रा. गो. वि. देवस्थळी यांनीं विद्यापीठाच्या ग्रंथालयांतील भगवतसिंहजी संग्रह व भडकमकर स्मारक संग्रह यांतील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची केली. ती विद्यापीठानें १९४४ सालीं छापली. त्यापूर्वीं १९३५ सालीं अरबी, फारसी व उर्दू हस्तलिखितांचीहि सूची निघाली होती. आमच्या मतें विद्यापीठाच्या विद्याजीवनाचा विश्वसनीय इतिहास पाहावयाचा असेल तर तो येथें पाहावा. वर्णनात्मक सूचीचा धर्म कठोर असतो. पत्रें किती, ओळी किती, आरंभ कोणता, अंत कोणता, पुष्पिकेंत लेखकाचें नांव, गांव व शक आहे कीं नाहीं, हें सांगावें लागतें. तेथें गौरवाला जागा नाहीं. देणगीदाराचें नांव संगमरवरावर कोरतात, पण पोथी उतरून घेणाऱ्या कोणा भटजीचें नांव छापलें जातें तें सूचींतच. दोष एवढाच कीं, सूची दारीं आलेल्या पोथ्यांचीच होते. दारीं न आलेल्यांस ती मुकते.

हें आम्ही अनुभवानें लिहितों. कांहीं वर्षांपूर्वीं, शाळेंत नोकरीस असतां, म्हसा येथून दोन कोसांवरील एका जोशी घराण्याकडे पोथ्यांचा रुमाल असल्याचें कळलें. आम्ही गेलों. घरधनीण वृद्ध, एकटी. तिनें ओटीवर रुमाल सोडला. सप्तशती होती, ग्रहलाघव होतें, पांडवप्रतापाचे सुटे अध्याय होते, आणि ग्रहलाघवाच्या शेवटीं पुष्पिका होती: लेखकाचें नांव, मुरबाडचा उल्लेख, शक. आम्हीं ती मोठ्यानें वाचून दाखविली. बाईंस आनंद झाला. तें नांव तिच्या सासऱ्याच्या आज्याचें निघालें. आमच्यापाशीं कागद होता, पेन्सिल होती. पण संध्याकाळ झाली होती, शेवटची गाडी चुकेल अशी धास्ती होती, आणि उन्हाळ्याच्या सुट्टींत सावकाश येऊन सर्व उतरून घेऊं असें ठरवून आम्ही उठलों. वैशाखांत गेलों तों बाई वारल्या होत्या. घर वांटणींत गेलें होतें, आणि जीर्ण पोथ्या घरांत ठेवूं नयेत म्हणून पुतण्यांनीं रुमाल शास्त्राप्रमाणें नदींत सोडला होता. त्यांस दोष कसा द्यावा? त्यांनीं श्रद्धेनेंच केलें. तो शक आम्हांस आज आठवत नाहीं.

या विद्यापीठाची हद्द एके काळीं सिंधपासून कर्नाटकापर्यंत होती. १९४९ सालीं पुणें वेगळें झालें आणि हद्द हळूहळू मुंबई, ठाणें व कोंकण एवढी उरली. घर आटोपशीर झालें असतां कोनाडे झाडले जावयास पाहिजे होते. आतां तर ठाण्यास उपपरिसरहि आहे, आणि मुरबाड, शहापूर येथील मुलें घरून जाऊन-येऊन पदवी घेतात. त्यांतील एकेका मुलानें आपल्या गांवच्या एका रुमालाची यादी केली, तर देवस्थळींच्या सूचीस पुरवणी जोडावी लागेल.

तूर्त वाचकांस एक विनंति. मुरबाड, शहापूर अथवा माहुली हें लेखनस्थळ असलेली पोथी किंवा कागद कोणाच्या संग्रहीं असल्यास, त्याची पुष्पिका जशीच्या तशी उतरून, पत्रांच्या संख्येसह मंडळाकडे पाठवावी. ऱ्हस्वदीर्घ सुधारूं नयेत.