लुंडची गोळी

‘फोरब्रुडेल्सन’ ही डॅनिश दूरचित्रवाणीवरील रहस्यमालिका २००७ साली सुरू झाली आणि २०१२ साली तिसऱ्या पर्वासह संपली. प्रेक्षकांत तंटा लागला तो तिच्या शेवटावरून. पोलीस अधिकारी सारा लुंड पुराव्याअभावी निसटू पाहणाऱ्या खुन्याला स्वतःच गोळी घालते आणि विमानाने परागंदा होते. कुणाला हा लेखक सोरेन स्वाइस्ट्रुप ह्यांनी केलेला विश्वासघात वाटला, कुणाला न्याय.

विश्वासघाताचा आरोप मला मान्य नाही. पहिले पर्व आठवावे. भाग वीस, खून एकच! ह्या संथपणाला पुष्कळांनी नाके मुरडली. (अर्नाळकरांच्या धनंजयाने तर एवढ्या वेळात दहा खुनी पकडले असते!) पण त्या संथपणामुळेच नान्नाच्या आईबापांचे उजाड घर आपल्याला दिसते, लुंडलाही. अखेरीस बापाच्या हाती बंदूक येते, तेव्हा गोळी झाडू नकोस म्हणून त्याला विनवणारी लुंडच असते. तो ऐकत नाही. पाच वर्षांनी तीच त्याच्या जागी उभी राहते. सोफी ग्रोबेल ह्यांचा अबोल चेहरा तेथवरची वाट पटवतो.

खटकते ते निराळेच. बापाच्या वाट्याला अटक आली, लुंडच्या वाट्याला विमान. लेखकाने हा पंक्तिप्रपंच करायला नको होता.