न दिलेल्या ऑप्शनचं काय करायचं? प्रोलॉगच्या एका सवयीची चिकित्सा

आज आम्ही एका वरवर किरकोळ दिसणाऱ्या गोष्टीबद्दल बोलणार आहोत. प्रोलॉग या लॉजिक प्रोग्रॅमिंग भाषेत प्रेडिकेटला ऐच्छिक आणि नावाने द्यायची आर्ग्युमेंट्स कशी देतात, आणि ती दिली नाहीत तर काय होतं, एवढाच विषय आहे. तुम्ही म्हणाल, हा तर सोयीचा भाग झाला, यात चिकित्सा कसली? आमचं म्हणणं असं की प्रोलॉगच्या मूळ तत्त्वाला सर्वांत मोठा छेद इथेच जातो, आणि तो इतक्या शांतपणे जातो की रोज हे लिहिणाऱ्यांच्याही तो लक्षात येत नाही.

जे या भाषेकडे नव्याने येत आहेत त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. प्रोलॉग १९७२ च्या सुमारास फ्रान्समधल्या मार्सेय इथे तयार झाली. अॅलन कोल्मेरोअर आणि फिलिप रूसेल यांनी ती घडवली. तिच्यामागच्या तर्कशास्त्रात एडिनबरोच्या रॉबर्ट कोवाल्स्की यांचा मोठा वाटा होता. कोल्मेरोअर यांना संगणकाशी फ्रेंचमध्ये संवाद साधायचा होता, म्हणजे या भाषेचा जन्मच माणसाच्या भाषेच्या प्रश्नातून झाला. प्रोलॉगमध्ये आपण आज्ञा देत नाही, विधानं करतो. 'आई(जिजाबाई, शिवाजी)' हे एक विधान झालं. त्यावर 'शिवाजीची आई कोण?' हेही विचारता येतं आणि 'जिजाबाई कोणाची आई?' हेही विचारता येतं. एकच संबंध, पण दोन्ही बाजूंनी चालतो. हे या भाषेचं खरं वैभव.

आता बघा, यात कोण आई आणि कोण मूल हे आपल्याला फक्त जागेवरून कळतं. पहिली जागा आईची, दुसरी मुलाची. मराठीत आपण असं करत नाही. 'रामाने रावणाला मारले' म्हणा किंवा 'रावणाला रामाने मारले' म्हणा, अर्थ बदलत नाही, कारण 'ने' आणि 'ला' भूमिका सांगतात. नामित आर्ग्युमेंट म्हणजे प्रोग्रॅममधली विभक्तीच. आणि विभक्तीचा आणखी एक फायदा असा की जे सांगायचं नाही ते सरळ गाळता येतं. 'रावणाला मारले' एवढंही वाक्य चालतं.

दोन जागा असतील तोवर जागेवरून ओळखणं ठीक आहे. सात झाल्या की कोणालाच आठवत नाही. त्यात प्रोलॉगमध्ये प्रेडिकेटची ओळख नाव आणि आर्ग्युमेंटची संख्या मिळून ठरते. दोन जागांचं 'वाच' आणि तीन जागांचं 'वाच' ही दोन वेगळी प्रेडिकेट्स. म्हणून जुनी युक्ती अशी, की लहान प्रेडिकेटने मोठ्याला बोलवायचं आणि उरलेली किंमत स्वतःच भरायची. एका ऐच्छिक आर्ग्युमेंटसाठी हे उत्तम. पण पाच ऐच्छिक असतील तर कोणती दिली, कोणती नाही, याच्या ३२ शक्यता होतात आणि संख्येवरून वेगळी ओळखता येतील अशी प्रेडिकेट्स होतात फक्त सहा. गणित बसत नाही.

म्हणून ऑप्शनची यादी आली. १९९५ च्या आयएसओ मानकात फाइल उघडणारं 'ओपन', लिहिणारं 'राइट_टर्म' आणि वाचणारं 'रीड_टर्म' शेवटच्या जागी अशी यादी घेतात. आपल्या उदाहरणात ते असं दिसेल:

वाच(_फाइल, _मजकूर, [एन्कोडिंग(यूटीएफ८), मर्यादा(१०००)])

इथे अधोरेषा का, तेही सांगून टाकतो. प्रोलॉगमध्ये व्हेरिएबल मोठ्या अक्षराने किंवा अधोरेषेने सुरू होतं. देवनागरीत मोठं-लहान अक्षर हा प्रकारच नाही, तेव्हा अधोरेषेवाचून गत्यंतर नाही.

या पद्धतीचं श्रेय आधी देऊ या. यादी ही प्रोलॉगची घरची वस्तू आहे. भाषेत नवीन काही आणावं लागलं नाही. शिवाय 'रीड_टर्म' मध्ये 'व्हेरिएबल_नेम्स' सारखा ऑप्शन देतात तेव्हा आपण सेटिंग सांगत नसतो, उत्तर मागत असतो. रिकामं व्हेरिएबल आत जातं आणि भरून परत येतं. बहुतेक भाषांत नामित आर्ग्युमेंट फक्त आत जातं. इथे त्याच जागेतून माहिती दोन्ही बाजूंना वाहते, आणि हे प्रोलॉगच्या स्वभावाला धरूनच आहे. आमची तक्रार त्यामुळे यादीवर नाही. यादीत जे नाही, त्याचा अर्थ लावण्याच्या पद्धतीवर आहे.

पहिला आक्षेप तत्त्वाचा. शुद्ध तर्कात माहिती वाढली म्हणून आधीचा निष्कर्ष मागे घ्यावा लागत नाही. डिफॉल्ट मात्र नेमकं उलटं वागतं. 'एन्कोडिंग सांगितलेलं नाही, म्हणून लॅटिन१ धरा' हा निष्कर्ष न सांगण्यावर उभा आहे. उद्या कोणी सांगितलं की तो पडतो. कीथ क्लार्क यांनी १९७८ मध्ये 'सिद्ध झालं नाही म्हणून खोटं' या नियमाची मांडणी केली, रेमंड रायटर यांनी १९८० मध्ये डिफॉल्टचं स्वतंत्र तर्कशास्त्र मांडलं. म्हणजे हा प्रश्न अभ्यासकांना चांगलाच ठाऊक होता. पण रोजच्या कोडमध्ये तो 'ऑप्शन' नावाच्या लहानशा प्रेडिकेटमागे झाकला गेला.

झाकलं म्हणजे काय, ते पाहू. एसडब्ल्यूआय-प्रोलॉगच्या लायब्ररीतलं 'ऑप्शन' तीन गोष्टी घेतं: हवा असलेला ऑप्शन, यादी आणि डिफॉल्ट. नाव यादीत नसेल तर डिफॉल्ट मिळतं. नाव आणि किंमत दोन्ही असतील तर ती किंमत मिळते. पण नाव आहे आणि किंमत अजून रिकामं व्हेरिएबल आहे, मग? तेव्हा डिफॉल्ट लागू होत नाही, रिकामं व्हेरिएबलच हाती येतं. म्हणजे अवस्था तीन झाल्या: सांगितलं, सांगितलं नाही, आणि 'पुढे सांगतो'. लिहिणाऱ्याच्या डोक्यात बहुधा पहिल्या दोनच असतात.

काही जण लायब्ररी न वापरता साधं 'मेंबरचेक' वापरतात. तिथे गोष्ट आणखी बिघडते. यादीचं शेपूट उघडं असेल तर 'मेंबरचेक' शोधत नाही, स्वतःच भर घालतं. आपण विचारलं, 'एन्कोडिंग दिलंय का?' आणि त्याने ते यादीत घालून उत्तर दिलं, 'हो, दिलंय की!' तर्काच्या दृष्टीने ते चूक नाही, कारण तशी यादी असू शकते. पण आपल्याला 'असू शकतं का' हे विचारायचंच नव्हतं. 'आहे का' हे विचारायचं होतं.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा, आणि नुकसान खरं इथे होतं. वरच्या प्रेडिकेटला कोणी 'एन्कोडिंग' ऐवजी 'एन्कोड(यूटीएफ८)' दिलं असं समजा. आतलं कोड 'एन्कोडिंग' शोधतं, सापडत नाही, डिफॉल्ट घेतं. 'एन्कोड' कडे कोणी पाहतच नाही. डिफॉल्ट लॅटिन१ असेल तर मराठी मजकुराचं काय होईल? यूटीएफ८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं, आणि लॅटिन१ प्रत्येक बाइटला एक स्वतंत्र अक्षर समजतं. एका चिन्हाची तीन निरर्थक अक्षरं झाली. लॅटिन१ ला कोणताही बाइट चालतो, त्यामुळे एररही नाही. हजार अक्षरांची मर्यादा खऱ्या मजकुराच्या साधारण एक तृतीयांशावरच संपली, आणि प्रोग्रॅमने सांगितलं: यशस्वी. असा मजकूर पुन्हा साठवला, मूळ फाइल पुसली, की मग बसा शोधत.

इथे आयएसओ मानकाची भूमिका कडक आहे, हे सांगायला हवं. 'ओपन' किंवा 'राइट_टर्म' ला अनोळखी ऑप्शन दिला तर डोमेन एरर यावी, असं मानक म्हणतं. पण ती शिस्त अंगभूत प्रेडिकेट्सपुरती. आपण लिहितो त्या प्रेडिकेटला ती आपोआप लागत नाही, कारण 'ऑप्शन' हवं तेवढंच शोधतं आणि बाकीच्याकडे दुर्लक्ष करतं.

तिसरा आक्षेप: डिफॉल्ट कुठे राहतं? एका ठिकाणी 'मर्यादा' चं डिफॉल्ट १००० लिहिलं, चार प्रेडिकेट्स आत दुसऱ्याने तीच यादी घेतली आणि १०० लिहिलं. दोन्ही कोड आपापल्या जागी बरोबर दिसतात. एकाच न सांगितलेल्या गोष्टीचे एकाच प्रोग्रॅममध्ये दोन अर्थ!

यावर उपाय झाले नाहीत असं नाही. हसन आइत-काची यांनी लॉगिन आणि पुढे लाइफ या भाषांत आर्ग्युमेंटला जागेऐवजी लेबल दिलं. संख्या पक्की नाही, लेबलं हवी तेवढी. एक्लिप्स या प्रोलॉग घराण्यातल्या प्रणालीत रचना एकदा जाहीर करायची, मग फक्त हवी ती फील्ड्स नावाने लिहायची. कंपाइल होताना त्याची साधी टर्म बनते आणि न लिहिलेल्या जागी नवं व्हेरिएबल येतं. आम्हाला हे फार प्रामाणिक वाटतं. न सांगितलेलं म्हणजे अज्ञात, बस. पण डिफॉल्ट हवंच असेल तर 'हे व्हेरिएबल अजून रिकामं आहे का?' असं विचारावं लागतं, आणि तो प्रश्न पुन्हा तर्काबाहेरचाच. एसडब्ल्यूआय-प्रोलॉगच्या सातव्या आवृत्तीत डिक्ट आले. त्यांनी क्रमाचा आणि दुबार नावांचा प्रश्न सोडवला, गैरहजेरीचा नाही.

तेव्हा आमचं मत असं: गैरहजेरीवरून निष्कर्ष काढणं टाळता येत नाही, पण ते कुठे करायचं हे आपल्या हातात आहे. ते दारातच, एकदाच करावं.

वाच(_फाइल, _मजकूर, _यादी) :-
    सेटिंग_ठरव(_यादी, _सेटिंग),
    आतून_वाच(_फाइल, _मजकूर, _सेटिंग).

सेटिंग_ठरव(_यादी, सेटिंग(_ए, _म)) :-
    यादी_पक्की(_यादी),
    सिलेक्ट_ऑप्शन(एन्कोडिंग(_ए), _यादी, _उरले१, यूटीएफ८),
    सिलेक्ट_ऑप्शन(मर्यादा(_म), _उरले१, _उरले२, १०००),
    काही_उरलं_नाही(_उरले२).

'यादी_पक्की' आणि 'काही_उरलं_नाही' ही प्रेडिकेट्स आपण लिहायची. पहिलं म्हणतं: उघडं शेपूट किंवा रिकामी किंमत असेल तर पुढे जाऊ नका, एरर द्या. उत्तर मागणारे ऑप्शन तेवढे त्यातून वगळा. दुसरं म्हणतं: घेतल्यावर यादीत काही शिल्लक असेल तर तीही एरर. चुकीचं स्पेलिंग इथे सापडतं. आणि 'सिलेक्ट_ऑप्शन' एका वेळी एकच नग काढतं, त्यामुळे तोच ऑप्शन दोनदा दिला असेल तर दुसराही इथेच अडकतो. दाराच्या आत मग पूर्ण भरलेली एकच टर्म फिरते. तिथे 'नाही' हा प्रकारच नाही. सगळं पुन्हा साधा संबंध.

यावर एक वजनदार हरकत आहे. ती अशी: अनोळखी ऑप्शन दुर्लक्षित करतात याला कारण आहे. मी यादी पुढच्या प्रेडिकेटला देतो, ते त्याच्या पुढच्याला. जो ऑप्शन मला अनोळखी, तो तिसऱ्याच्या कामाचा असेल. मी दारातच अडवला तर त्याच्यापर्यंत पोचणार कसा? हरकत बरोबर आहे. पायथनमध्ये अनोळखी नाव दिलं तर एरर येते, पण उरलेली नावं गोळा करून पुढे ढकलणारं फंक्शन तिथेही हीच अडचण आणतं. पण यातून 'सगळं चालू द्या' असा निष्कर्ष निघत नाही. निघतो तो असा, की कोणते ऑप्शन पुढे कोणाकडे जातात हे जाहीर करा. एसडब्ल्यूआय-प्रोलॉगमध्ये 'प्रेडिकेट_ऑप्शन्स' हे डिक्लेरेशन आहे. त्यात आपले ऑप्शन, त्यांचे प्रकार आणि 'पास_टू' ने पुढचा वाटेकरी सांगता येतो. 'रेकॉर्ड' लायब्ररीत डिफॉल्ट आणि प्रकार एकाच जागी लिहिता येतात. साधनं हाताशी आहेत, सवय मात्र नाही, कारण यादी ढकलून देणं एका ओळीचं काम आहे आणि जाहीर करणं पाच ओळींचं.

ज्या भाषेने 'काय खरं आहे तेवढं सांगा, बाकी आम्ही बघू' असं वचन दिलं, तिच्यात न सांगितलेल्याचा अर्थ वाटेत कोणीही, कसाही लावावा, हे आम्हाला पटत नाही. तुमच्याकडे प्रोलॉगचं जुनं कोड असेल तर एक छोटा प्रयोग करा. तुमच्याच एखाद्या प्रेडिकेटला मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगचा ऑप्शन द्या आणि काय होतं ते बघा. काहीच झालं नाही, तर काम कुठून सुरू करायचं ते तुम्हाला कळलं.

आता प्रश्न घेऊ या.