विरजण आणि पाकीट

घरी बीअर करणाऱ्यांच्या जगात एक तक्ता फार पूज्य मानला जातो. डावीकडे बीअरची शैली, उजवीकडे तिचं यीस्ट. जर्मन हेफेवायझन करायचीय? मग केळं आणि लवंगेचा वास देणारं यीस्ट घ्या. (लवंग घातलेली नसते बरं का, तो वास यीस्टच तयार करतं.) लागर करायचीय? मग तिचं यीस्ट आणि १०-१२ अंशांवर चालणारा फ्रिज. ख्रिस व्हाइट आणि जमील झायनाशेफ यांचं 'यीस्ट' (२०१०) हे पुस्तक याच शिस्तीचं. उपयोगी आहे, पण वाचताना प्रयोगशाळेत पांढरा कोट घालून उभं राहिल्यासारखं वाटतं.

लार्स मारिउस गार्शोल यांचं 'हिस्टॉरिकल ब्रूइंग टेक्निक्स' (२०२०) हा तक्ताच उलटा करतं. गार्शोल पेशाने सॉफ्टवेअरवाले. नॉर्वे, लिथुआनिया, फिनलंडमधल्या शेतघरांत फिरून त्यांनी लोकांची बीअर पाहिली, चाखली. तिथे शैली आधी आणि यीस्ट नंतर असं नव्हतंच. घरात जे यीस्ट होतं, त्याची बीअर व्हायची.

पश्चिम नॉर्वेत या यीस्टला 'क्वाइक' म्हणतात. बोलीत त्याचा अर्थ नुसता 'यीस्ट'. लाकडी कड्यांवर किंवा भोकं पाडलेल्या ओंडक्यावर ते वाळवून ठेवायचे. आपलं बिघडलं तर शेजाऱ्याकडून आणायचं. म्हणजे विरजणच की! फरक एवढाच की हे विरजण महिनोन्महिने सुकलेलं राहूनही जागं होतं. वॉसचे सिगमुंड गेर्नेस ते ४० अंशांच्या आसपास ओततात. बहुतेक एल यीस्ट या तापमानाला नको ते वास सोडतील. हे मात्र संत्र्यासारखा सुगंध देऊन झपाट्याने काम उरकतं. काही ठिकाणी यीस्ट ओतताना मोठ्याने आरोळी ठोकायची प्रथा होती. अशा जागी गार्शोल अगदी खुलतात.

पण हे पुस्तक सलग वाचवत नाही. गावामागून गाव, पद्धतीमागून पद्धत, कुठे न उकळलेली बीअर, कुठे जुनिपरच्या फांद्या. तिसऱ्या-चौथ्या गावानंतर नावं डोक्यात राहत नाहीत. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बीअर करणं कायद्यात बसत नाही, त्यामुळे इथे बसून वाचणाऱ्याला 'करून बघू' ही सुटकाही नाही.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. १८८३ मध्ये कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल क्रिस्टियन हॅन्सनने एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं आणि तिथून पुढे 'मिश्र' म्हणजे 'खराब' असं समीकरण रुजलं. शेतघरातलं क्वाइक मात्र बहुधा मिश्रच असतं, अनेक जाती एकत्र नांदणारं. गार्शोल यांच्या लिखाणामुळे ते जगभर पोचलं, आणि बाजारात आलेल्या बऱ्याच पाकिटांत त्यातली एकच जात वेगळी काढून भरलेली असते. वर गावाचं नाव. तक्ता उलटवणारी गोष्ट तक्त्याच्याच एका ओळीत जाऊन बसली. या विषयावर लेखक मला हवे तेवढे चिडत नाहीत. त्यांनी ज्यांच्या ओट्यावर बसून बीअर प्यायली, त्या घरांना या पाकिटातून काय मिळतं, हा प्रश्न पुस्तकात अजून जोरात यायला हवा होता.

तरीही यीस्टवरचा भाग वाचाच. तो आधी वाचा, गावं नंतर, आणि पाककृती राहिल्या तरी चालतील.