छाटलेली आशा : होरेसच्या एका कवितेविषयी

रोमन कवी होरेस (ख्रिस्तपूर्व ६५ ते ८) याची एक आठ ओळींची कविता जगभर गाजली आणि गाजण्यातच तिचे नुकसान झाले. ख्रिस्तपूर्व २३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘ओड्स’च्या पहिल्या भागातील ही अकरावी कविता. तिच्यातील दोनच शब्द सुटून बाहेर पडले आणि चंगळवादाचे ब्रीद होऊन बसले. संत पौलाने करिंथकरांस लिहिताना ज्या वृत्तीचा निषेध केला, तीच ही, अशी आपल्याकडेही समजूत होणे सहज शक्य आहे. मूळ कविता तशी नाही.

ल्यूकोनोई नावाची स्त्री बाबिलोनी ज्योतिषाच्या आकडेमोडीतून आपले आणि कवीचे मरण केव्हा, हे शोधू पाहते. बाहेर हिवाळ्यातला समुद्र खडकांवर आपटतो आहे. कवी तिला जे सांगतो ते प्रियकराचे बोलणे खरे. पण त्याची क्रियापदे बागायतदाराची आहेत. एक लांबलेली आशा छाटण्याचे, दुसरे दिवस फळासारखा खुडण्याचे. छाटणी आधी, खुडणे नंतर. हा क्रम सुभाषितात हरवतो. सटाण्याच्या वाचकाला तो समजावून सांगावा लागणार नाही. द्राक्षाची काडी मोजक्या डोळ्यांवर छाटली नाही, तर वेल पानांनीच माजते, हे बागलाणात शाळकरी पोरही जाणते.

मात्र येथेच एक शंका उद्भवते. छाटणी करणारा उद्यावर भरवसा ठेवल्यावाचून कात्री हाती घेईल काय? बागलाणातला आगाप द्राक्षे घेणारा शेतकरी ऐन पावसाळ्यात छाटणी करतो आणि कित्येक महिन्यांनंतरच्या भावावर, बहुधा कर्ज काढून, जुगार खेळतो. होरेसला मिसिनसच्या कृपेने सॅबाइन डोंगरांत मळा लाभला होता. उद्याची चिंता सोडण्याचा उपदेश त्याला परवडत होता. पण कवी सावध आहे. उद्यावर मुळीच विसंबू नकोस, असे तो म्हणत नाही. शक्य तितके कमी, एवढेच म्हणतो. त्या ‘शक्य तितके’मध्ये आपला शेतकरी मावतो. या एका मोजमापासाठी मला ही कविता थोर वाटते.

एक उणीव मात्र राहतेच. ल्यूकोनोई काहीच बोलत नाही. रोमन प्रेमकवितेत पुरुषच बोलतो. सुल्पिसियाच्या मोजक्या कविता हा दुर्मीळ अपवाद. याउलट आपल्याच भूमीतील हाल सातवाहनाची ‘गाथासप्तशती’ पाहावी. स. आ. जोगळेकरांच्या १९५६ च्या ग्रंथाने ती मराठी वाचकाच्या हाती आली. तिच्यातील कितीतरी गाथांत स्त्री बोलते : सखीशी, सासूशी, वाटसरूशी. आयुष्य थोडे आहे, हे तिलाही ठाऊक आहे. पण ते तिला कोणी शिकविलेले नाही. शेतात राबून, प्रवासी नवऱ्याची वाट पाहून तिचे तिलाच ते कळले आहे. होरेस वाचून झाल्यावर जोगळेकरांचा ग्रंथ उघडावा. ल्यूकोनोईचे उत्तर तेथे कुठेतरी, दोन ओळींत, सापडेलसे वाटते.